कडेचा चेहरा

लाल दिव्याखाली ट्रेमधला फोटो उमटला, पण कडेचा चेहरा पुन्हा पुसटच आला. गेल्या महिन्यात जत्रेत काढलेला हा फोटो दस्तगीर शिकलगार तिसऱ्यांदा छापत होते. शेजारी अनसूया पदर मुठीत धरून उभी होती. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा कृष्णेच्या पुरात वाहून गेला, असं सगळं गाव म्हणत होतं. पण प्रेत काही सापडलं नव्हतं.

“हेच आहेत ते,” ती म्हणाली. “कान बघा ना.”

“ताई, फोटो मोठा करायच्या या यंत्राची लेन्स जुनी आहे. मधलं नीट दाखवते, कडेचं पुसट करते.” त्यांनी कपाटातून दुसरी लेन्स काढली. “हिच्यानं कडेचा माणूसही स्वच्छ येईल. मग शंकेला जागा उरणार नाही. लावू?”

अनसूयानं ट्रेमधल्या फोटोकडे पाहिलं. त्या पुसट चेहऱ्यात तिचा नवरा अजून जिवंत होता. स्वच्छ फोटोत कुणी परका निघाला तर तोही हातचा जाणार होता.

“लावा,” ती कशीबशी म्हणाली.

त्यांनी लेन्स बदलली, उजेड दिला आणि कागद ट्रेमध्ये सोडला. आधी टोपी दिसली, मग भुवया, मग हनुवटीवरचा व्रण. तोच होता. जत्रेतल्या उंच पाळण्यापाशी उभा राहून तो मनमोकळा हसत होता.

“जिवंत आहेत, ताई!” दस्तगीरभाई म्हणाले. “उद्याच जत्रेच्या गावी जाऊन चौकशी करतो.”

अनसूया त्या हसण्याकडे बघत राहिली.

“नको, भाऊ,” ती म्हणाली. “हरवलेला माणूस असा हसत नाही.”