वर्गातली शिस्त

वर्गात हूं की चूं चालत नसे, म्हणून मुलींनी गणिताच्या बाईंना 'शूऽबाई' नाव पाडलं होतं. दोन जिवलग मैत्रिणी सारख्या कुजबुजतात म्हणून बाईंनी त्यांना वर्गाच्या दोन टोकांना बसवलं, तेव्हापासून दोघींची तोंडं एवढीशी झाली होती.

बढतीसाठी एम.एड. हवंच, म्हणून चाळिशी उलटल्यावर बाईंनी विद्यापीठात नाव घातलं. शनिवारी तासाला विषय होता 'वर्गातली शिस्त'. शेवटच्या बाकावर बसलेल्या बाई शेजारणीच्या कानाशी लागल्या, "अगं, या सरांनी एकदा माझ्या सातवी 'ब'ला शिकवून दाखवावं!" दोघींना हसू आवरेना. बाईंच्या धाकट्या भावाहूनही लहान दिसणारे सर खडू खाली ठेवून म्हणाले, "मॅडम, तुम्ही पुढे येऊन बसा. एकट्याच." बाई मुकाट्याने वह्या उचलून पुढे गेल्या. उरलेला तास काही केल्या संपेना.

सोमवारी शाळेत गेल्या गेल्या त्यांनी त्या दोघी मैत्रिणींना उभं केलं.

"बसा परत एकत्र," शूऽबाई हळूच म्हणाल्या, "पण शेवटच्या बाकावर नको गं, सरांचं पहिलं लक्ष तिथेच जातं."