मिठाचा खरा रंग

पुतळाबाईने फोटोची स्लाइड आभाळाकडे धरली, एक डोळा मिटला आणि विचारलं, "ही कोनाची राख हाय?"

"मावशी, तुमचंच मीठ आहे," शादाब म्हणाला.

खाडीकाठच्या मिठागरवाल्यांच्या संस्थेला कॅलेंडर काढायचं होतं. सहा सभासदांच्या मिठाच्या सहा राशी. वाशीच्या फोटोग्राफर शादाबने त्या रंगीत स्लाइडच्या फिल्मवर टिपल्या. आजवर तो साध्या निगेटिव्हवर लग्नं काढत आला होता; तिथली चूक प्रिंट करताना झाकता येते. स्लाइडवर जे उमटलं तेच छापायला जातं. सहाही राशी मळक्या उमटल्या होत्या. आठवड्याने मीठ पेंढ्याखाली झाकलं जाणार होतं. पुन्हा चुकलं तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

"कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला पांढरं कळत नाही," त्याने समजावलं. "समोर काहीही असो, ते राखाडीच धरून चालतं."

"मंग तू कशाला हायस? माजा मीठ वर्सभर दुकानादुकानात असा काला टांगनार?"

शादाबने तिला राशीपाशी उभं केलं, तळवा उन्हात धरायला सांगितला आणि मीटर मिठाऐवजी त्या तळव्यावर लावलं. आकडा आला. तळवा राखाडीहून उजळ, म्हणून त्याहून एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजेड त्याने घेतला. त्यापुढे गेलं तर दाणेच उडून जातात, नुसता पांढरा डाग राहतो.

"हात हलवू नका, मावशी."

"चालीस वर्सं मीठ ओढलाय. हालत नाय."

चार दिवसांनी स्लाइड धुऊन आली. मीठ पांढरं, दाणा न् दाणा वेगळा. पुतळाबाईने ती बांधावरच्या सगळ्यांना दाखवली. कॅमेरा आधी खोटं बोलत होता, हेही प्रत्येकाला सांगितलं.

"चला, आता पंढरीकाकांकडे," शादाबने बॅग उचलली. "त्यांची रासही अशीच चुकली होती."

पंढरी तिचा धाकटा दीर. मिठागर शेजारचं. बांधावरून नऊ वर्षं दोघांत बोलणं नव्हतं.

"बगू त्याची," ती म्हणाली.

शादाबने जुनी स्लाइड काढून दिली. राखेचा ढीग. तिने ती आभाळाकडे धरली, उलटसुलट नीट पाहिली आणि त्याच्या हातात परत ठेवली.

"ह्यात काय चुकलाय? त्याचा मीठ असाच हाय."