बॉबकॅटला घातलेली हाक

शिट्टी फुंकून फुंकून अजितचे गाल दुखायला लागले, तरी बॉबकॅट काही येईना.

एनस्खेडे या डच शहराबाहेरच्या त्या रानात धुकं ठाण मांडून बसलं होतं. सकाळ उलटत आली तरी उठायचं नाव नाही. थोड्या अंतरावर ओकच्या बुंध्याला टेकून बेरेंड बसला होता, मांडीवर भुलीची सुई मारायची बंदूक. कुणा हौशी माणसाच्या पिंजऱ्यातून निसटलेलं ते अमेरिकी रानमांजर जिवंत धरायचं काम त्याच्याकडे आलं होतं. त्याच्या शिकारीच्या वर्गातला सगळ्यात नवा विद्यार्थी म्हणजे अजित, त्याची ही पहिलीच खेप. समोरच्या मोकळ्या जागेत आमिष म्हणून कोंबडीची तंगडी टाकलेली होती.

"घरातलं झुरळ मारायला मला हाक मारतोस," निघताना मंजूषा म्हणाली होती, "आणि चाललास बॉबकॅट धरायला."

बायकोचं बोलणं त्याला चांगलंच झोंबलं होतं. आज हात हलवत घरी जायचं नाही, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

बेरेंडची शिकवण साधी होती. वारा तोंडावर घ्यायचा, शिट्टीतून जखमी सशाचा आवाज काढायचा आणि मग हलायचं नाही. कोल्हा धावत येतो. बॉबकॅट येते, बसते आणि बघत राहते. तुम्हाला ती दिसते, तोवर तिनं तुम्हाला केव्हाच पाहिलेलं असतं. हे ऐकल्यापासून अजितला मानेमागे कुणीतरी असल्यासारखं वाटत होतं. त्यानं हळूच वळून पाहिलं. मागे नुसतं धुकं होतं.

शेवटी शिट्टीत थुंकी साचली आणि ससा मुका झाला. अजितचा स्वभाव आधीच उतावळा. जखमी ससा अगदी तान्ह्या बाळासारखा रडतो, असं बेरेंड वर्गात म्हणाला होता. तान्हं बाळ तर त्याच्या खिशातच होतं. पुण्यातल्या आजीला नातीचं नुसतं हसणं पुरत नसे. "रडतानाचाही व्हिडिओ पाठव रे, तिचा आवाज तरी ऐकू दे," म्हणायची. त्यामुळे फोन लेकीच्या, स्वानंदीच्या रडण्यानं भरलेला होता. त्यानं त्यातला एक व्हिडिओ लावला, आवाज वाढवला आणि फोन गवतात ठेवला.

स्वानंदी रडू लागली. रानातली पाखरं गप्प झाली. घरी याच रडण्यानं अजितची झोपमोड व्हायची. इथं मात्र ते कुणा परक्या मुलाचं वाटलं, फार वेळ एकट्यानं रडणाऱ्या. बंद करावं म्हणून त्यानं हात पुढे केला, तर समोर ती बसलेली.

कधी आली, कुठून आली, काही कळलं नाही. टोकदार कान, आखूड शेपूट, कुत्र्याएवढं अंग. कोंबडीकडे तिचं लक्षच नव्हतं. ती गवतातल्या फोनकडे बघत होती.

अजित दचकला, हलला. नवशिक्यानं करू नये नेमकं तेच केलं. बेरेंडची बंदूक फट्कन वाजली, सुई मातीत घुसली आणि तंगडी तोंडात धरून बॉबकॅट धुक्यात शिरली.

बेरेंड उठून आला. चिडलेला दिसला नाही. "शिट्टीतून इतका चांगला आवाज कसा काढलास?"

अजितची छाती फुगली. त्यानं फोन दाखवला. "माझी मुलगी आहे."

बेरेंडनं पडद्यावरचा चेहरा पाहिला. मग म्हणाला, "दिवसा कुठे असते ही?"

"क्रेशमध्ये. त्या बाजूला, रानाच्या कडेलाच."

"आत झोपवतात की बाहेर?"

इथं तान्ह्या मुलांना मोकळ्या हवेत झोपवायची पद्धत. बागेत छप्पर असलेली, लाकडी पट्ट्यांची खाट असते. मंजूषाला ते मुळीच पटलं नव्हतं. अजितनंच तिची समजूत घातली होती.

"बाहेर," अजित म्हणाला.

बेरेंड बंदुकीत दुसरी सुई भरू लागला. "हा आवाज आला की मांस मिळतं, एवढं तिला आज आपण शिकवलं. चल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अजितनं सायकल अशी हाणली की बेरेंड मागे कुठे राहिला याचंही त्याला भान उरलं नाही.

क्रेशच्या दारात तिथली बाई हसून म्हणाली, "आत्ताच झोपली. आज फार रडली हो. आवाज रानापर्यंत गेला असेल."

तिला बाजूला सारून तो बागेत गेला. खाटेच्या पट्ट्यांतून स्वानंदीची लोकरीची टोपी दिसली. पांघरूण श्वासागणिक वरखाली होत होतं. अजितच्या जिवात जीव आला.

मग त्याची नजर वर गेली. खाटेच्या छपरावर बॉबकॅट बसली होती, पाय पोटाशी घेऊन, उबेला बसल्यासारखी. अजितकडे तिनं पाहिलंही नाही. कान तेवढे खाली वळलेले होते. तिला कसली घाई नव्हती.

बेरेंड अजून कुंपणापाशी पोचला नव्हता. पट्ट्यांमागे स्वानंदीनं झोपेतच ओठ काढले.