मंत्रीसाहेब, या वर

"रोज थोडा जिना चढवा, नाहीतर कुत्र्याचे मागचे पाय कायमचे जातील," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. वालपारायसो शहरातल्या टेकडीवर गल्ली म्हणजे जिनाच. ओतिलिया पावाचा तुकडा दाखवत हाका मारायची, "कानेलो, ये."

चार पायऱ्या.

सात.

नऊ. पुढे तो हलेना. नुसता वर बघत बसे.

वर रोसाल्बाचं दार. कुत्रा कुणाचा, यावरून दोघींचा सहा वर्षं अबोला. रोसाल्बा त्याला 'मंत्री' म्हणायची.

शेवटी ओतिलियाने मान वर केली. "अगं ए, हाक मार की तुझ्या मंत्र्याला."

"आता बरी आठवण झाली. मंत्रीसाहेब, या वर."

दहा. बारा. सोळा.

धापा टाकणाऱ्या कुत्र्याला कुरवाळत रोसाल्बा म्हणाली, "उतरताना तू बोलाव. 'कानेलो' म्हणून मी कितीदा पाठवून पाहिलं तुझ्याकडे. माझ्या तोंडून ऐकतच नाही."