शनिवारची बोहनी

नारळ फुटला, पेढे वाटून झाले, पण केस कापायला खुर्चीवर कोणी बसेना.

तेजस्विनी नवा एप्रन बांधून खुर्चीमागे सकाळपासून उभी होती. वर्षभर नाशिकला राहून तिनं हेअरस्टायलिंगचा कोर्स केला होता. परीक्षेत ती पहिली आली होती. सरावाचं प्लास्टिकचं मुंडकं ती एकदा सुट्टीत देवळ्याला, घरी, घेऊन गेली, तर तिच्या आईनं, कुसाबाईंनी, त्याला टिकली लावून ठेवली. पोरीचं भुंडं कपाळ त्यांना बघवेना. आज नाशिकच्या इंदिरानगरात त्याच तेजस्विनीच्या स्वतःच्या सलूनचं उद्घाटन होतं.

गाळा मात्र वडिलांचा, सावळीरामांचा. त्यांचा पुतण्या महेश तिथं मोबाईलचं दुकान टाकायला टपून बसला होता. घरात वाद नको म्हणून सावळीरामांनी निवाडा करून टाकला. पहिल्या दिवशी दिवेलागणीच्या आत बोहनी झाली तर गाळा तेजस्विनीचा, नाही झाली तर महेशचा. घरच्या माणसाची बोहनी धरायची नाही. "बोहनी न होता बंद झालेलं दुकान पुढं चाललेलं मी तरी पाह्यलं नाय," ते म्हणाले. एवढं बोलले की सावळीरामांपुरता विषय संपत असे.

आता हा पहिला दिवस कोणता? तर श्रावणातला शनिवार, त्यात एकादशी. केस कापायच्या दुकानासाठी याहून वाईट दिवस शोधूनही सापडला नसता. मुहूर्त पंचवटीतल्या आल्हादगुरुजींनी काढला होता. तरुण माणूस, पण सावळीरामांचा त्यांच्यावर भारी विश्वास. पत्रिका छापून आल्यावर तेजस्विनीनं चाचरत विचारलं होतं, "गुरुजी, श्रावणात कोण केस कापणार?" "योग उत्तम आहे," गुरुजी म्हणाले आणि पंचांग मिटलं. मुहूर्त बदला म्हणायची त्या घरात कोणाची छाती नव्हती.

सकाळी गुरुजींनी यथासांग पूजा केली, दक्षिणा घेतली आणि डोक्यावरची टोपी सावरत निघून गेले. मग लोक आले. एसीचं कौतुक झालं. प्रत्येकानं मोठ्या आरशात स्वतःला बघून घेतलं, कोणी भांगही सारखा केला. खुर्चीला मात्र हात लावला नाही. शेजारच्या उत्तराताई म्हणाल्या, "मला बॉबकटच करायचाय गं, पण आज शनिवार. सोमवारी येते." मग त्यांनाच आठवलं. "अगं बाई, श्रावणी सोमवार! राखीपौर्णिमा होऊ दे." पुरुषमंडळींना तर बोलायचीही गरज नव्हती, त्यांच्या वाढलेल्या दाढ्याच सांगत होत्या. गणपती येईपर्यंत कात्रीला काम नव्हतं.

ऊन उतरलं. कुसाबाई दारात उभं राहून रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक डोक्याकडे आशेनं बघत होत्या. एक हेल्मेटवाला थांबला. त्याला पत्ता हवा होता. महेशनं खिशातून टेप काढला आणि भिंतीचं माप घ्यायला लागला. "इथं कव्हर, इथं चार्जर," तो स्वतःशीच म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

तेजस्विनीला रडू फुटत होतं. वर्षभराची मेहनत एका पंचांगानं पाण्यात घातली होती. तिनं एप्रनची गाठ सोडायला हात मागे नेला, तेवढ्यात आल्हादगुरुजी आत आले. स्कूटर त्यांनी पार पलीकडच्या गल्लीत लावली होती.

"काही राहिलं का, गुरुजी?" सावळीराम उठून उभे राहिले.

गुरुजींनी मागे वळून रस्ता बघितला. मग ते थेट खुर्चीत जाऊन बसले आणि टोपी काढली. टोपीखाली दोन महिन्यांचं रान माजलं होतं आणि त्यातून शेंडी बाहेर डोकावत होती.

"उद्या सिन्नरला मुलगी बघायला जायचंय," गुरुजी आरशातल्या तेजस्विनीला हळूच म्हणाले. "आजवर सगळ्या मुलींनी शेंडी बघूनच नकार दिला. शेंडी कापायची नाही. पण दिसायलाही नको. जमेल?"

"जमेल की," तेजस्विनी म्हणाली. तिनं एप्रनची गाठ पुन्हा घट्ट केली.

सावळीरामांनी गुरुजींची लाज राखायला शटर अर्धं खाली ओढलं. आत कात्री चालू लागली. तेजस्विनीनं मागचे केस थरांत कापले, वरचे लांब ठेवले आणि शेंडी त्यांच्यात अशी बसवली की तिला शोधायला गुरुजींनाच डोकं चाचपावं लागलं. समोरचं देखणं रूप आपलंच आहे याची खात्री करायला त्यांनी दोनदा मान हलवली. मग सकाळी मिळालेलं दक्षिणेचं पाकीट काढून तेजस्विनीच्या हातावर ठेवलं. कुसाबाईंनी ते तिच्याकडून घेऊन कपाळाला लावलं आणि गल्ल्यात टाकलं. महेशनं टेप गुंडाळला. दिवे अजून लागायचे होते.

"झाली बोहनी!" सावळीराम म्हणाले. त्यांना पोरीचा लय अभिमान वाटत होता, पण तो तिच्यासमोर दाखवायची सवय नसल्यामुळे ते गुरुजींवर घसरले. "पण काय हो गुरुजी, सकाळपासून एक माणूस खुर्चीत बसलं नाय. पोरीचा जीव टांगणीला लागला. ह्या दिवसाशिवाय दुसरा मुहूर्तच नव्हता का?"

गुरुजी शटरखालून वाकून निघालेच होते. त्यांनी आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून घेतलं.

"होते की, चांगले तीन-चार होते," ते म्हणाले. "पण त्या दिवशी गिऱ्हाइकं आली असती."