खुणेची बाभूळ

जेसीबीचा दात बाभळीच्या बुंध्याला लागणार, तेवढ्यात द्वारकाबाई पुढं झाल्या आणि झाडाला पाठ लावून उभ्या राहिल्या. चालकानं यंत्र बंद केलं. मांडवातली सनईची टेप तेवढी वाजत राहिली.

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या त्या रानात आज भूमिपूजन होतं. गेल्या वर्षीपर्यंत इथं ऊस होता. आता बांध मोडून, विहीर बुजवून सगळं सपाट केलं होतं आणि इमारतींच्या जागी पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारल्या होत्या. आयटीतली माणसं इथं राहायला येणार होती. मूळ मालकांना, म्हणजे द्वारकाबाईंच्या घरालाही, तिसऱ्या मजल्यावर शेजारी शेजारी दोन फ्लॅट मिळणार होते. एक म्हाताऱ्यांना, एक मुलाला. मुलगा उत्तरेश्वर कडक इस्त्रीच्या कपड्यांत पाहुण्यांना फेटे बांधवत होता. आई झाडापाशी अडून उभी आहे असं कुणीतरी सांगितलं, तसा तो धावत आला.

त्यानं आधी समजावलं, मग दबक्या आवाजात रागावला. लोक बघतायत, म्हणाला. द्वारकाबाई हलल्या नाहीत. शेवटी बिल्डरचा इंजिनिअर आला. तेजस नावाचा, पुण्यातल्या पेठेतला तरुण पोरगा. त्यानं हेल्मेट काढून हातात घेतलं आणि काय अडचण आहे ते विचारलं.

"माझी लेक हाय हितं," द्वारकाबाई म्हणाल्या. "मुक्ताई. दात यायच्या आदीच गेली."

दात न आलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात. मुक्ताई तापानं गेली तेव्हा तिला रानातच पुरलं होतं. तेव्हा बायकांपैकी कुणी गेलं नव्हतं. नवऱ्यानं, दत्तोबांनी, मागून ही बाभूळ दाखवली होती. पोरीचं बोरन्हाण राहून गेलं होतं, म्हणून द्वारकाबाई दर संक्रांतीला पदरात बोरं आणून इथं बुंध्याशी ओतायच्या आणि थोडा वेळ बसून परत जायच्या.

आपल्या आधी एक बहीण होऊन गेली एवढंच उत्तरेश्वरला ठाऊक होतं.

तेजसनं नकाशा उघडला, मिटला. म्हणाला, झाड बागेच्या कडेला येतंय, ते राहू देता येईल. भोवती दगडी कट्टा बांधू, कुणी हात लावणार नाही. त्यानं चालकाला यंत्र मागं घ्यायची खूण केली. द्वारकाबाईंनी त्याला हात जोडले. एवढ्या लहान पोराला हात जोडले म्हणून तो ओशाळला.

दत्तोबा मांडवात पुढच्या खुर्चीवर बसले होते. डोक्याला फेटा होता. ते उठले आणि काठी टेकत टेकत तिथवर आले.

"झाड पाडा खुशाल," ते म्हणाले. "ती तिथं न्हाई."

कुणालाच काही कळलं नाही. मग ते झाडाकडं बघत बोलत राहिले. मुक्ताई गेली त्या दिवसांत द्वारका दोनदा रानात दिसेल तिथली माती हातांनी उकरताना सापडली होती. पोरीला गार लागत असंल, म्हणायची. तेव्हा दत्तोबांच्या आईनं बजावलं, हिला खरी जागा दाखवू नको, नाहीतर ही पोर उकरून घरी आणील. म्हणून त्यांनी लांबची बाभूळ दाखवली. पुढं सांगू, पुढं सांगू करता उत्तरेश्वर झाला, आई वारली. बायको बाभळीपाशी बसून शांत होऊन येते हे बघून नंतर त्यांची जीभ रेटली नाही. खऱ्या जागेपाशी नांगर आला की ते तो उचलून धरायचे. बैलांनाही त्याची सवय झाली होती. पण आता तिथं पायाचे खड्डे घेणार होते, आणि बाभळीला मात्र कट्टा बांधणार होते.

द्वारकाबाईंनी झाडाला लावलेली पाठ काढली. त्यांनी विचारलं,

"मग कुठं हाय?"

"विहिरीच्या वरल्या अंगाला. पाटाच्या कडंला."

दत्तोबा पुढं आणि त्या मागं, असे दोघं निघाले. उत्तरेश्वर यायला लागला तेव्हा तेजसनं त्याच्या दंडाला हात लावून त्याला थांबवलं.

विहीर नव्हती, पाट नव्हता. दत्तोबा एका फक्कीच्या रेघेपाशी थांबले. मान वर करून लांब बघितलं. पूर्वी तिकडचं आंब्याचं झाड धरून अंदाज घेता यायचा. आता तिथं एका कंपनीची काचेची इमारत उभी होती. हितं, असं म्हणाले. मग न्हाई, जरा वर, असं म्हणाले. वर गेले, परत फिरले. काठीनं माती उकरून बघितली. मुरूम टाकून रोलर फिरवलेला, सगळीकडं एकसारखा. शेवटी ते खाली बसले आणि दोन्ही हात जमिनीला टेकवले.

"मला गावंना, द्वारके."

द्वारकाबाई उभ्याच होत्या. त्यांनी चारी बाजूंनी ते रान बघून घेतलं. मग वाकून त्यांना हाताला धरून उठवलं, फेट्याचा सुटलेला शेव खांद्यावर नीट टाकला. स्वतःच्या चपला काढून हातात घेतल्या.

"तुमी बी काढा," त्या म्हणाल्या. "कुठं पाय पडंल, काय सांगावं."

दत्तोबांनी वहाणा काढल्या. मांडवातून भटजी मालकांना पूजेला बोलवत होते. ती दोघं त्या सपाट रानातून, अनवाणी, पाय अगदी हलके टाकत मांडवाकडं निघाली.