पडद्याचा शब्द

“मी अडकलो, तर सरळ पडदा टाक,” बाबा म्हणाले. “चारचौघांत शोभा नको.”

ती विंगेत उंच स्टुलावर बसली होती, कानाला हेडफोन, मांडीवर संहिता. नाटकाचा सगळा गाडा तीच हाकायची. बाबा त्या नाटकातले म्हातारे घड्याळजी. मागच्या प्रयोगात दुसऱ्या अंकात ते वाक्य विसरले होते, तेव्हा सोबतच्या नटीने वेळ मारून नेली. पण शेवटच्या प्रवेशात ते एकटेच असतात. विंगेतून वाक्य पुरवावं, तर कान केव्हाच अधू झालेले.

“अडकणार नाही तुम्ही. आणि अडकलात, तर टाकीन पडदा, शब्द देते. मला लगेच कळेल.”

“ते कसं?”

“ते माझ्याकडे राहू द्या.”

बाबांना काही आठवेनासं झालं, की हात आपोआप सदऱ्याच्या वरच्या गुंडीकडे जायचा. घरात किल्ली सापडत नसली तरी आधी गुंडी चाचपायचे. हे बाबांना स्वतःला ठाऊक नव्हतं. आई गेल्यापासून ते फक्त तिलाच ठाऊक होतं, आणि त्या भरवशावर ती निर्धास्त होती.

तिचा शब्द म्हणजे ‘गो’. तिने “दिवे, गो” म्हटलं की अंधार, “आवाज, गो” म्हटलं की पाऊस, “पडदा, गो” म्हटलं की खेळ खलास. हेडफोनवर दुसऱ्या कुणी तो उच्चारायचा नाही, असा दंडक होता. एकदा कुणीतरी चहाचं विचारता विचारता तो सहज बोलून गेलं, आणि ऐन प्रेमाच्या प्रवेशात ढग गडगडले. तेव्हापासून सगळे त्याला नुसतं ‘तो शब्द’ म्हणत.

दिवे सांभाळणाऱ्याचं नाव सगळ्यांनी काजवा पाडलं होतं. त्याला इंग्रजी डिक्शनरी चाळायचा भारी नाद. मध्यंतर संपत आलं, तेव्हा तो तिच्या कानात सुरू झाला.

“बाई, त्या शब्दाला डिक्शनरीत पानंच्या पानं दिलीत. घड्याळ चालतं, तिथे तोच. दूध नासतं, तिथेही तोच. माणूस वेडा होतो, दोन रंग एकमेकांना शोभतात, खेळात आपली पाळी येते, सगळीकडे हा आपला लुडबुडतोय. आठवण जाते, तिथेसुद्धा...”

“बोला की. बाबांची गेलेली नाही अजून. जरा फिरायला जाते, परत येते.”

काजव्याला धीर आला. “शब्द हजार वर्षांहून जुना आहे. पण गंमत म्हणजे भूतकाळ त्याचा स्वतःचा नाहीच. ‘वेंट’ हा दुसऱ्याच घरचा, तिथून उचलून आणलेला.”

“आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? ‘जातो’च्या घरात ‘गेला’ कुठून आला, विचारलंय कधी? चला, घंटा झाली.”

शेवटच्या प्रवेशात घड्याळजी दुकान बंद करतो आणि कुलपाची किल्ली हातात घेऊन भिंतीवरच्या घड्याळांचा निरोप घेतो. बाबांचं बोलणं छान रंगलं होतं. मध्येच ते थांबले.

संहितेत तिथे थांबायचं नव्हतं.

प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं. प्रेक्षागृहामागच्या काचेच्या खोलीतून दिग्दर्शक हेडफोनवर म्हणाला, “अडकले. पडदा टाक.”

ती बाबांच्या हातांकडे बघत होती. एका हातात किल्ली. दुसरा हात खाली सोडलेला, अगदी स्वस्थ. गुंडीकडे गेला नव्हता.

“अडकले नाहीत. थांबलेत.”

“अगं, म्हातारपणी त्यांचं हसं होईल. तूच शब्द दिलायस ना त्यांना? टाक.” ती हलेना, तेव्हा दिग्दर्शकाचा तोल गेला. “पडदा, गो.”

पडद्याच्या दोरीपाशी हेडफोन लावून उभ्या असलेल्या काकांनी हात घट्ट केले आणि तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. नाही.

“इथे माझ्याशिवाय कुणाचा शब्द चालत नाही,” ती शांतपणे म्हणाली. काका तसेच थांबले. काजव्याने दिवे होते तसे ठेवले.

मग बाबांनी किल्ली एका घड्याळाखालच्या खिळ्याला अडकवली आणि पुढचं बोलणं सुरू केलं. सावकाश, एकेक शब्द पारखून घेतल्यासारखं. प्रेक्षागृहात कुणी हललंसुद्धा नाही. शेवटचं वाक्य संपल्यावर तिने एक श्वास जाऊ दिला.

“पडदा, गो.”

टाळ्या थांबेचनात. दिग्दर्शक पडत्या आवाजात म्हणाला, “तुला इतकी खात्री कशी होती?”

“बापाला ओळखते मी,” ती म्हणाली, आणि म्हणताना तिला फार बरं वाटलं.

बाबा आत येऊन कपड्यांच्या पेटाऱ्यावर टेकले. तिने पाण्याचा पेला पुढे केला.

“मधे काय थांबलात हो. अंगावर काटा आला.”

“थांबतोय कसला? पार कोरा झालो होतो.”

ती हसली. “उगाच काहीतरी. विसरलात की गुंडी चाचपता तुम्ही. तुम्हाला नसेल माहीत, मला आहे. मी हाताकडेच बघत होते.”

बाबांनी मान वाकवून सदऱ्याकडे पाहिलं. मग बोटांनी ती गुंडी शोधून काढली.

“सदऱ्याला गुंडी असते, हेच आठवत नव्हतं गं.”

कानावरचा हेडफोन काढून तिने स्टुलावर ठेवला.

बाबांनी पाणी संपवलं. “पडद्याची वाट बघत उभा होतो. तो काही पडेना. म्हटलं, पोरगी थांबलीय, म्हणजे माझ्याकडे अजून काहीतरी असणार. मग शोधलं.”